मुलुखाची ओळख आणि सरकारचा निर्णय

एखाद्या प्रदेशाच्या बाबतीत सरकारच्या हातून घोडचूक झाली, की तिचे खापर फोडावयास अज्ञान हे नेहमी हाताशी असते. त्या लोकांची भाषा आमच्या अंमलदारांना येत नव्हती, त्यांच्या चालीरीती आम्हांस ठाऊक नव्हत्या, तेथील जमिनीचा, जातीजमातींचा आणि बाजारपेठांचा कोणी नीट अभ्यास केला नव्हता, असे चौकशी समित्या यथावकाश सांगतात. आणि मग ओघानेच अशी शिफारस येते की विद्यापीठात त्या प्रदेशाच्या अभ्यासाचे एक केंद्र काढावे, काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, म्हणजे पुढील खेपेस धोरण आखणाऱ्यांना योग्य सल्ला वेळेवर मिळेल. ज्याला आपण सोयीसाठी प्रदेशाभ्यास म्हणू, म्हणजे एखाद्या भूभागाची भाषा, इतिहास, अर्थव्यवहार, समाजरचना आणि राजकारण यांचा एकत्र व दीर्घकाळ केलेला अभ्यास, त्याची विसाव्या शतकातील बहुतेक इमारत या एका समजुतीवर उभी राहिली आहे. मला ही समजूत अर्धवट वाटते. फसलेल्या धोरणांचा इतिहास चाळला, तर असे आढळते की ज्या ज्ञानाच्या अभावी ती फसली असे आपण मानतो ते ज्ञान बहुधा उपलब्ध होते, कित्येकदा ते सरकारच्याच पैशाने तयार होऊन सरकारच्याच दप्तरात पडून होते, आणि तरीही निर्णयावर त्याचा ओरखडासुद्धा उठला नाही. कारण त्या ज्ञानातून निघणारा नकार ऐकून घेण्याची सोय राज्ययंत्रणेत कोठेही केलेली नव्हती.

याचा दाखला शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नव्या मुलुखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला, तेव्हा त्याने जिंकलेल्या प्रदेशाचा जो अहवाल १८१९ मध्ये सादर केला, त्यात गावगाडा, वतने, पंचायती आणि वसुलाच्या चालत आलेल्या रीती यांची इतकी बारीक नोंद होती, आणि जुनी घडी उतावीळपणे मोडू नये हा त्याचा आग्रह इतका स्पष्ट होता, की जेत्या सरकारला जित प्रदेशाची याहून चांगली ओळख कोणी करून दिली असेल असे वाटत नाही. त्याच सुमारास टॉमस कोट्स नावाच्या एका डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावातील माणसे, घरे, जमिनी आणि खाणेपिणे यांचे सविस्तर वर्णन लिहून मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवले होते. तेव्हा १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दख्खनच्या जमिनीची पाहणी हाती घेतली, ती कोऱ्या पाटीवर घेतली असे म्हणता येत नाही.

परंतु प्रिंगल हेलीबरीच्या कॉलेजात शिकून आलेला होता. तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत ही त्या काळची सर्वांत ताजी विद्या होती. जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावा, आणि जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याच्या शेकडा ५५ इतका धारा सरकारने घ्यावा, असे त्याचे गणित होते. कागदावर पाहिले तर या गणितात रयतेवरील अन्यायाला जागाच उरत नव्हती, कारण तिच्या श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदला आधीच वजा पडलेला होता. मात्र एकूण उत्पन्नाचे आकडे यावयाचे ते खालच्या कारकुनांकडून, खर्चाचे आकडे यावयाचे ते अंदाजाने, आणि धान्याचे भाव तर त्या वर्षांत घसरत चाललेले. परिणाम असा झाला की इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडू लागल्या आणि कुणबी घरेदारे टाकून शेजारच्या निजामाच्या मुलुखात निघून जाऊ लागले. मुलुखाची माहिती असणारे लोक त्या वेळी सरकारी नोकरीतही होते आणि गावोगावही होते. पण सिद्धांताने आधीच दिलेल्या उत्तराला आकडे पुरविणे एवढेच काम त्यांच्या माहितीकडे सोपविलेले होते.

पुढे १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अंमलदार आणि विंगेट हा लष्करी इंजिनियर या दोघांनी इंदापुरात जे केले, ते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहण्याजोगे आहे. निव्वळ उत्पन्न काढण्याचा खटाटोप त्यांनी सोडून दिला. जमिनीची खोली किती, पोत कसा, तीत वाळू, चुनखडी किंवा उतार यांचे दोष किती, हे प्रत्यक्ष शेतात उभे राहून पाहावयाचे आणि त्यावरून नऊ प्रती पाडून आण्यांत त्यांचे मोल ठरवावयाचे. आणि एकंदर गावाने किती धारा द्यावा हे मागील अनेक वर्षांच्या लागवडीच्या व वसुलाच्या अनुभवावरून, पाऊसमान आणि बाजारपेठेचे अंतर पाहून ठरवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. दर पुष्कळ खाली आणले गेले, ते ३० वर्षांसाठी कायम करण्यात आले, आणि पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या. या पद्धतीत तात्त्विक डौल नव्हता. पण तिची खरी खूण मला अशी वाटते की आम्ही ठरविलेला दर चुकीचा असू शकेल, आणि तो चुकल्याचे आम्हांस जमिनीकडूनच कळेल, ही शक्यता तीत गृहीत धरलेली होती. सरकारने ती का स्वीकारली याचे उत्तरही तितकेच बोलके आहे. इंदापूरच्या रयतेने आपला नकार पायांनी नोंदविला होता आणि त्याबरोबर वसूलही निजामाच्या हद्दीत निघून गेला होता. विद्वानाच्या अहवालाला जे साधले नाही ते ओसाड शिवाराने साधले.

गोष्ट येथे संपली असती तर ती सुधारणेची कथा झाली असती. पण ३० वर्षांची मुदत सरून १८६७ मध्ये त्याच इंदापुरात धाऱ्याची फेरआकारणी झाली, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी ओसरू लागली होती, आणि तरीही तेजीच्या दिवसांकडे पाहून आकारणी निम्म्याहून अधिक वाढविण्यात आली. विंगेटची पद्धत आता पाहणीची न राहता खात्याची वहिवाट बनली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० च्या दशकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतः चौकशी करून सरकारपुढे कैफियत मांडली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे जळाली. त्यानंतर नेमलेल्या कमिशनने सावकारी, कर्ज आणि दिवाणी कोर्टे यांवर विस्ताराने लिहिले, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही आला. परंतु वाढलेल्या धाऱ्याचे पाप सरकारच्या पदरी घालावयास मुंबई इलाख्यातील अंमलदार राजी नव्हते, आणि ते काम ऑक्लंड कॉल्व्हिन या सभासदाला स्वतंत्र टिपण जोडून करावे लागले. हा कॉल्व्हिन उत्तर हिंदुस्थानातून आलेला, म्हणजे दख्खनच्या दृष्टीने परका. ज्यांची हयात या मुलुखात गेली त्यांना जे दिसले नाही किंवा दिसूनही लिहिता आले नाही ते या परक्याला लिहिता आले, हे प्रदेशाभ्यासाच्या अभिमान्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, विसरून चालणार नाही. दीर्घ परिचयाने डोळा तयार होतो हे खरे. पण खात्याची बढती आणि खात्याची अब्रू यांचाही परिचय त्याबरोबरच वाढत जातो.

विसाव्या शतकात ही विद्या विद्यापीठांत गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९०९ मध्ये लंडनला पौर्वात्य विद्यांची एक शाळा काढावी अशी शिफारस केली, तिला १९१६ मध्ये सनद मिळाली आणि पुढील वर्षी ती सुरू झाली. साम्राज्याचे अंमलदार, व्यापारी आणि पाद्री यांना पूर्वेच्या भाषा शिकविणे हा तिचा उघड हेतू होता. तरीसुद्धा दुसऱ्या महायुद्धात जपानी जाणणारी माणसे इंग्रजांना ऐन वेळी घाईघाईने तयार करावी लागली. कारण साम्राज्याचा व्याप जेवढा होता तेवढी त्याची जिज्ञासा नव्हती.

खरा विस्तार झाला तो अमेरिकेत, आणि तोही युद्धाच्या छायेत. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील हेरखात्याच्या संशोधन शाखेत हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर यांच्या हाताखाली शेकडो प्राध्यापक गोळा झाले, त्यांची विभागणी प्रदेशवार करण्यात आली, आणि युद्ध संपल्यावर हीच माणसे विद्यापीठांत परतून प्रदेशाभ्यासाची केंद्रे चालवू लागली: रशियाच्या विभागाचे प्रमुख जिरॉइड रॉबिन्सन कोलंबियाच्या नव्या रशियन संस्थेचे संचालक झाले, तर हिंदुस्थानचे काम पाहिलेले संस्कृतज्ञ नॉर्मन ब्राउन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाचा विभाग उभा केला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा करून परकीय भाषांच्या अध्यापनासाठी तिजोरी खुली केली. आपल्याला अमेरिकन गहू पुरविला गेला, त्याचे रुपये येथेच साठत राहिले, आणि १९६२ पासून त्या रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊन अमेरिकेतील ग्रंथालयांत जाऊ लागली. जी मराठी पुस्तके आणि नियतकालिके आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात धड जपली गेली नाहीत ती शिकागोत आजही हाती येतात. ब्राउन यांच्याच पुढाकाराने १९६१ मध्ये निघालेल्या अमेरिकन भारतविद्या संस्थेचे कार्यालय तर आरंभी आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच होते. या सगळ्या खर्चाचा हेतू राजकीय होता हे कोणी लपविलेले नाही. पण त्यातून झालेले सर्वांत टिकाऊ काम पाहिले तर ते कोणत्याही परराष्ट्र खात्याला नको असलेले काम आहे: आंबेडकरांच्या चळवळीवर एलिनॉर झेलियट यांनी त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधाचा वॉशिंग्टनच्या कोणत्या धोरणाला उपयोग होणार होता? सरकारने पैसा दिला म्हणून विद्या बाटते असे मानणाऱ्यांनी आणि सरकारने पैसा दिला म्हणून राज्यकारभार शहाणा होतो असे मानणाऱ्यांनीही या उदाहरणाशी थोडे थांबावे.

एवढी विद्या जमविलेल्या राष्ट्राने व्हिएतनाममध्ये काय केले? दोन गोष्टी लागोपाठ पाहाव्या लागतात. पहिली चीनची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये नेमलेले जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस यांसारखे अमेरिकन अधिकारी चिनी भाषा जाणणारे, त्या देशात वाढलेले होते. चँग कै-शेकचे सरकार आतून पोखरले आहे आणि कम्युनिस्टांच्या मागे खेडी उभी आहेत, असे त्यांनी १९४४ पासून वरिष्ठांना कळविले. १९४९ मध्ये त्यांचे भाकीत खरे ठरले, आणि भाकीत खरे ठरले हाच त्यांचा गुन्हा झाला. सर्व्हिस यांना १९५१ मध्ये आणि डेव्हिस यांना १९५४ मध्ये नोकरीतून काढण्यात आले. मध्य आशियाचे पंडित ओवेन लॅटिमोर यांच्यामागे सेनेटर मॅकार्थीने हात धुऊन लागावे, अशी वेळ आली. आशियाविषयी अप्रिय सत्य लिहिले तर काय होते, याचा धडा त्या खात्यातील तरुणांनी यातून घेतला नसेल असे कोण म्हणेल? दहा वर्षांनी सायगावहून खलिते लिहिणारे लोक याच धड्यावर वाढलेले होते.

दुसरी गोष्ट संरक्षित वस्त्यांची. मलायात इंग्रजांनी १९५० नंतर सुमारे पाच लाख लोकांना, त्यांतील बहुसंख्य चिनी, नव्या कुंपणबंद खेड्यांत हलविले आणि कम्युनिस्ट बंडखोरांची रसद तोडली. तो प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामात त्याचीच आवृत्ती काढण्यात आली. परंतु मलायातील ते चिनी रानाच्या कडेला बेकायदा जमीन कसणारे उपरे होते. त्यांना नव्या खेड्यात जमिनीचा काही हक्क मिळाला, तो त्यांना लाभच होता. मेकाँगच्या खोऱ्यातील शेतकरी कालव्यांच्या काठाने, आपापल्या शेतात, वाडवडिलांच्या थडग्यांशेजारी विखरून राहणारा. त्याला तेथून उठविणे म्हणजे त्याचे पितर आणि त्याचे पीक या दोहोंपासून त्याला तोडणे होते. वर कुंपणासाठी बांबू त्याने आणावयाचे, खंदक त्याने वेठीने खणावयाचे. जॉन डोनेल आणि जेराल्ड हिकी या दोन व्हिएतनामी जाणणाऱ्या संशोधकांनी १९६२ मध्येच या वस्त्या हिंडून पाहिल्या आणि शेतकऱ्याला हा भुर्दंड वाटतो, त्याला काही मोबदला मिळाला नाही तर ही योजना शत्रूच्याच पथ्यावर पडेल, असे सरकारच्या पैशाने सरकारलाच कळविले. पेंटॅगॉनमध्ये त्यांचे स्वागत थंडपणे झाले. वस्त्यांच्या संख्येचे तक्ते दर महिन्याला चढत होते. त्या तक्त्यांपुढे एका खेड्याच्या बोलण्याला काय किंमत? १९६३ च्या नोव्हेंबरात दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांची सत्ता उलथली आणि पाठोपाठ ती योजनाही ढासळली. येथे भाषा येणारी माणसे होती, त्यांनी क्षेत्रात जाऊन पाहिले होते, त्यांचा अहवाल वेळेवर आला होता. ज्ञान कमी पडले असे म्हणावयास या उदाहरणात तिळमात्र जागा उरत नाही.

नकार ऐकावयाचा नाही पण माहिती मात्र भरपूर हवी, या वृत्तीचे टोक म्हणजे कॅमेलॉट नावाची योजना. कोणत्या देशात अंतर्गत बंड केव्हा उद्भवेल याचे पूर्वानुमान करणारे शास्त्र अमेरिकन सैन्याच्या खर्चाने तयार करावे, असा तिचा बेत १९६४ मध्ये ठरला. १९६५ मध्ये चिलीतील विद्वानांना तीत ओढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा सॅन्टियागोत शिकविणारे नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी सहभागाला नकार दिला, पैसा कोणाचा आहे हे बाहेर फुटले, चिलीत गदारोळ उडाला, आणि जुलैमध्ये अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी योजना गुंडाळली. ज्या समाजाचा अभ्यास करावयाचा त्यालाच तोंड फुटले, म्हणून हा प्रयोग थांबला.

या सगळ्यानंतर पश्चिमेतील अनेक सच्च्या विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की सत्तेच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील ग्रंथानंतर तर पौर्वात्य विद्येचे नाव घेणेही पुष्कळांना अवघड वाटू लागले. या भूमिकेतील नैतिक तळमळ मला मान्य आहे, तिचा व्यावहारिक परिणाम मात्र शंकास्पद वाटतो. विद्वान दूर सरला म्हणून धोरण ठरावयाचे थांबत नाही; मुलूख न पाहिलेल्या सिद्धांतवाद्याला मोकळे रान मिळते, आणि प्रिंगलचे वंशज प्रत्येक पिढीत भरपूर असतात. आज त्यांच्या हाती रिकार्डोऐवजी गणिती प्रतिमाने असतात एवढाच फरक. दुसरे असे, की प्रदेशाविषयीचे ज्ञान कोठूनही आले तरी ज्याच्यावर त्याचा परिणाम व्हावयाचा त्या लोकांना ते वाचता येते का, त्यावर उलट बोलता येते का, हा प्रश्न विद्वानाच्या सोवळेपणापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. सार्वजनिक सभेजवळ अधिकार कोणताच नव्हता. पण इलाख्याच्या अहवालातील आकडे ती पुण्यात बसून तपासू शकत होती आणि त्यांवर जाहीरपणे लिहू शकत होती.

स्वतंत्र भारतात आपण काय केले? १९५५ मध्ये दिल्लीला सप्रू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे विद्यालय निघाले, ते १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या साहाय्याने जयपूरला दक्षिण आशियाचे, दिल्लीला चीनचे, मुंबईला आफ्रिकेचे अशी अभ्यासकेंद्रे उभी राहिली. संस्था कमी नव्हत्या. पण सिंहली, ब्रह्मी किंवा तिबेटी वृत्तपत्र सहज वाचू शकणारे संशोधक आपल्याकडे आजही थोडेच आहेत, आणि शेजाऱ्यांविषयी जे लिहिले जाते त्यातले पुष्कळसे इंग्रजीतून इंग्रजीत फिरणारे असते. याहून गंभीर गोष्ट प्रश्नांच्या क्रमाची आहे. चीनच्या सरहद्दीचे उदाहरण घ्या. १९५४ च्या जुलैत नेहरूंनी नकाशे नव्याने काढण्याचा आदेश दिला आणि पश्चिम भागात पूर्वी अनिश्चित म्हणून दाखविलेली हद्द ठाम रेषेने दाखविली गेली. त्या हद्दीच्या पुराव्यांचा कसून अभ्यास करण्यासाठी परराष्ट्र खात्याच्या ऐतिहासिक विभागाचे प्रमुख सर्वपल्ली गोपाल लंडनच्या दप्तरखान्यात गेले ते १९५९ च्या अखेरीस, म्हणजे अक्साई चीनमधून चिनी रस्ता तयार होऊन दोन वर्षे झाल्यावर. गोपाल हे अव्वल दर्जाचे इतिहासकार होते आणि भारताचा दावा भक्कम आहे असा निष्कर्ष त्यांनी कागद पाहूनच काढला याविषयी मला शंका नाही. पण त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न वकिलाचा होता. पेकिंगला हा रस्ता कशासाठी हवा आहे, तिबेटातील त्याची अडचण काय आहे, आपण अमुक पाऊल टाकले तर तो कोणते टाकील, हा प्रदेशाभ्यासकाचा प्रश्न कोणाला विचारला गेला, आणि विचारला असता तर त्याचे उत्तर कोणत्या टेबलावर गेले असते? १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स यांचा अहवाल १९६३ मध्ये तयार झाला आणि सरकारने तो अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. तेव्हा निर्णयाच्या वेळी कोणी नाही म्हटले होते का, हे शोधण्याचा मार्गही संशोधकाला बंद आहे. जे सरकार आपल्या जुन्या चुकांचे दप्तर उघडत नाही, त्याने नव्या संशोधनासाठी अनुदान द्यावे यात मला थोडा विनोद दिसतो.

देशांतर्गत प्रदेशाभ्यासाचा इतिहास यापेक्षा बरा आहे, आणि तो घडविण्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा वाटा मोठा आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतीत काय पालट झाला याची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. आणि त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनीच स्वीकारले. पुस्तकात मांडलेले निष्कर्ष ऊस उत्पादकांच्या सभेत उभे राहून निभवावे लागणे, ही परीक्षा फार थोड्या अर्थशास्त्रज्ञांनी दिली असेल. रिझर्व्ह बँकेने गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली केलेल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीतही गाडगीळ होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी पाहून १९५४ मध्ये निघालेल्या त्या अहवालाने सांगितले की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी पतपेढ्यांकडून येणारा वाटा अवघा शेकडा ३.१ आहे आणि सर्व प्रकारचे सावकार मिळून शेकडा ६९.७ पुरवितात. सहकाराचे गोडवे पन्नास वर्षे गाणाऱ्या सरकारला याहून कडू उत्तर कोणते? तरीही ते गिळले गेले, आणि त्यातूनच १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कारणे दोन दिसतात: पाहणी मागविणाऱ्या रिझर्व्ह बँकेने आधी काही ठरवून टाकलेले नव्हते, आणि पाहणी करणारेच शिफारशीला जबाबदार होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच संस्थेचे आहे. १९४८ चा मुंबईचा कुळकायदा प्रत्यक्षात कसा चालला याची चौकशी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी नियोजन मंडळासाठी केली, आणि कायद्याने दिलेले संरक्षण शिवारात जवळजवळ पोचलेच नाही, असे त्यांना आढळले. हा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १ एप्रिलला, आधीच संमत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, कूळ जमिनीचे मालक झाल्याचे जाहीर झाले होते. जुना कायदा का फसला याचे उत्तर हाती येण्यापूर्वीच नवा कायदा अंमलात आला होता. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मात्र विधिमंडळाचे पंचांग आणि संशोधकाचे पंचांग यांची गाठ घालून देणारा कोणी जोशी आपल्या राज्ययंत्रणेत नेमलेला नाही.

इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणीही अशीच, धरण बांधून झाल्यावर, १९६९ मध्ये आली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १९७६ मध्ये झाला, आणि तो विस्थापितांच्या चळवळींनी रस्त्यावर येऊन मिळविला. म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जी एक तरतूद झाली ती मला या संपूर्ण विषयातील मोलाची गोष्ट वाटते. जमीन घेण्यापूर्वी तेथील समाजावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावयाचा, त्या प्रदेशातील लोकांसमोर त्याची जाहीर सुनावणी घ्यावयाची, तज्ज्ञांच्या गटाने तो तपासावयाचा. आणि हा प्रकल्प सोडून द्यावा असे त्या गटाने सुचविले तर सरकारला पुढे जाता येते, मात्र का जावयाचे त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. सल्ला मानलाच पाहिजे असे कोणतेही लोकनियुक्त सरकार कबूल करणार नाही आणि करूही नये. पण नकाराला लेखी उत्तर देण्याची सक्ती हे त्या नकाराला दिलेले आसन आहे, आणि प्रिंगलच्या काळी ते असते तर इंदापूरच्या कुणब्याला निजामाच्या हद्दीपर्यंत चालत जावे लागले नसते. पण या कायद्याला पुरती पाच वर्षेही झाली नाहीत तोच तमिळनाडू, गुजरात, तेलंगण, झारखंड आणि महाराष्ट्र या राज्यांनी दुरुस्त्या करून रस्ते, औद्योगिक पट्टे यांसारख्या प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट काढली. आणि ज्या प्रकल्पांसाठी सर्वांत अधिक जमीन घेतली जाते, त्यांतले बरेचसे नेमके या सुटीत बसतात.